न धुतलेला आवाज

रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्याने ते गाणं लावलं तेव्हा बायको स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. पहिलं कडवं संपायच्या आत ती ओले हात तसेच घेऊन दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कोण गातंय हो हे?"

त्याला वाटलं, गंमत करतेय. तो हसून म्हणाला, "कोण म्हणजे? तूच की." गाणं चार मिनिटांचं होतं, ते संपेपर्यंत ती दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहिली, बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "हो का." आणि आत निघून गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

झालं ते एवढंच. पण ते "हो का" त्याच्या डोक्यात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं. एकोणतीस वर्षांपूर्वी, जुन्या घरात, त्याने स्वतः बायकोची गाणी स्पूलच्या मशीनवर उतरवून घेतली होती. ते मशीन कधीच निकालात निघालं, त्याचा पट्टा विरघळून डांबरासारखा झाला, आणि फिती एका पत्र्याच्या पेटीत पडून राहिल्या. गेल्या खेपेला मुलगी आली तेव्हा पेटीच उचलून घेऊन गेली आणि तिच्या गावातल्या कुठल्याशा स्टुडिओत नेऊन दिली. सात फितींपैकी सहांना बुरशी लागली होती, त्यांचा तपकिरी थर हात लावताच भुकटी होऊन गळत होता. सातवीवरचं हे एकच गाणं सलग निघालं. स्टुडिओने ते स्वच्छ करून, आकड्यांत बदलून पाठवलं आणि मुलीने त्याच्या वाढदिवसाला ते वाजवायचा डबा आणि दोन स्पीकर धाडले. सगळं कसं छान जमून आलं होतं. आणि जिचा आवाज, तीच विचारते, हे कोण?

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकताना परका वाटतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ही तर कित्येक वर्षं रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली बाई. कानाला यंत्र लावून दिवसभर आवाज ओळखायचे हेच तिचं काम. डॉक्टरांनी नाव सांगायच्या आत ही फोन कुठे जोडायचा ते ओळखायची. तिला कळलं नाही याचा अर्थ आवाजातच काहीतरी खोट होती. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना त्यालाही किंचित तसं वाटलं होतं. मुलीने एवढ्या हौसेने पाठवलं म्हणून त्याने ते वाटणं गिळून टाकलं होतं. आता बायकोने तोंडावर बोलून दाखवल्यावर ते पुन्हा वर आलं. त्याने गाणं परत लावलं आणि डोळे मिटले. आवाज लख्ख होता. धुऊन, कांजी घालून, इस्त्री करून दोरीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा. पण सदऱ्यात माणूस नव्हता. 'स' आला की कानात टाचणी टोचायची. श्वास कुठे घेतला जातोय ते कळत नव्हतं. खोलीची हवा नव्हती, भिंती नव्हत्या, गळ्याच्या मागे छाती नव्हती. आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, ती त्याची बायको नव्हती.

तो वजनं तपासायचा. औषधाच्या कारखान्यांतले तराजू बरोबर आहेत की नाहीत हे ज्या वजनांनी ठरवतात, ती वजनं बरोबर आहेत की नाहीत हे त्याच्या प्रयोगशाळेत ठरायचं. मखमलीच्या खाचांत ठेवलेली चकचकीत वजनं, ग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढी पत्र्याची पानं, त्यांना लावायचे चिमटे, हातमोजे. उघड्या बोटाने वजनाला शिवायचं नाही, कारण बोटाच्या घामालाही वजन असतं. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. चौतीस वर्षं हेच. ऑफिसात त्याला 'काटेसाहेब' म्हणायचे आणि ते नाव त्याला मनातून आवडायचं. जे मोजता येतं ते दुरुस्त करता येतं यावर त्याचा विश्वास होता, आणि जे दुरुस्त होत नाही ते नीट मोजलेलं नसतं, यावर तर त्याहून जास्त. म्हणून सोमवारी घरी आल्याआल्या त्याने पट्टी काढली आणि स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर आहेत ते मोजायला घेतलं.

पहिला महिना असा हातापायांच्या कामात गेला. स्पीकर पुढे ओढले, मागे ढकलले, तोंडं आत वळवली, बाहेर वळवली, खाली विटा ठेवल्या, विटा काढून रबराचे तुकडे ठेवले. खोलीत टाळी वाजवून तो भिंतीचा प्रतिसाद ऐकायचा. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिक्षिकेने जिन्यात विचारलंसुद्धा, "घरात पाल आहे का हो? रोज टाळ्या वाजवता." काचेचं कपाट आवाज परत फेकतं असं त्याच्या लक्षात आलं, तेव्हा कपाट आतल्या खोलीत गेलं. जमिनीवर सतरंजी आली, तिच्यावर दुसरी आली. खुर्चीची जागा खडूने आखली गेली. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण अगदी काटेकोर. त्या खुर्चीत बसलं, डोकं मागे टेकवलं, की आवाज दोन स्पीकरांतून न येता मधल्या मोकळ्या जागेतून यायचा. एवढं साधलं. पण मधल्या मोकळ्या जागेत जी बाई उभी राहायची ती अनोळखीच.

त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा, तो डबा उत्तम आहे. सगळे चांगलं म्हणतात त्याला."

"चांगला आहे गं. तीच तर पंचाईत आहे. नको तेवढा चांगला आहे. आईचा आवाज असा नव्हता."

"एकोणतीस वर्षं झाली बाबा. तुम्हाला आठवतो?"

"म्हणजे काय! न आठवायला काय झालं?" तो जवळजवळ ओरडलाच. फोन ठेवल्यावर मात्र त्याने आठवून पाहिलं. खिडकीच्या दांड्याला बांधून लोंबत ठेवलेला मायक्रोफोन आठवला. बायकोची हिरवी साडी आठवली, गाताना ती डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटाभोवती आवळून धरायची ते आठवलं. मशीनचा हिरवा दिवा, तापलेल्या धुळीचा वास. आवाज मात्र आठवत होता असंही नाही आणि विसरला होता असंही नाही. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडावं तसा तो कुठेतरी अलीकडेच अडकला होता. खरा आवाज समोर आला की आपण पटकन ओळखू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

गावाच्या जुन्या भागात रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होता, त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, कारण तो बंद रेडिओ आधी उघडायचा नाही, त्याला कान लावायचा. त्याच्या दुकानात उभं राहायलाही जागा नव्हती. डॉक्टरने सगळी कहाणी कान खाजवत ऐकून घेतली आणि म्हणाला, "साहेब, आवाज म्हणजे वाहतं पाणी. फितीवर तो वाहता असतो. तुमच्या या डब्यात त्याचे तुकडे करतात, सेकंदाला हजारो, आणि मग परत शिवतात. शिवण दिसत नाही म्हणतात. कानाला दिसते."

"पण मोजमापात ती येत नाही," तो म्हणाला. "मी वाचलंय. हिशेबाने हे तुकडे पुरेसे आहेत. कानाला जेवढं ऐकू येतं तेवढं सगळं त्यात असतं."

"मग ऐका की. माझ्याकडे कशाला आलात?"

डॉक्टरने फळीवरून एक जड धूड खाली उतरवलं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, वर काचेचे चार दिवे, आत नारिंगी तारा. "हा मधे लावा. आवाजाला ऊब येईल. पण आधीच सांगतो, नंतर भांडायला येऊ नका. हा खोटं बोलतो. गोड बोलतो, पण खोटं बोलतो. जे मुळात नाही ते थोडं स्वतःच्या पदरचं घालतो. आता तुम्ही ठरवा, तुम्हाला खरं पाहिजे की बरं पाहिजे."

"मला तिचा आवाज पाहिजे," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

व्हॉल्व्हने फरक पडला, नाही असं नाही. टाचण्या बोथट झाल्या. आवाजाला थोडं अंग आलं. मग त्याने डबाही बदलला, आकड्यांचं आवाजात रूपांतर करायला वेगळं यंत्र आणलं. त्याच्यामागे आवाज गाळणारे पाच फिल्टर होते, एकेक लावून तो वहीत टिपत होता: 'पहिला – कोरडा. दुसरा – कोरडा, पण लांब. तिसरा – नाकातून.' ऑफिसच्या वहीत त्याने कधी 'साधारण', 'बहुधा' असे शब्द लिहिले नव्हते. या वहीत दुसरे शब्दच नव्हते. एखाद्या संध्याकाळी वाटायचं, जमलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं तसंच ठेवून लावलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्याची चिडचिड व्हायला लागली. जेवताना फ्रीज घरघरला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. रस्त्यावरून कोणी बोलत गेलं तर तो खिडकी लावून घ्यायचा. चिडायला नेमकं कोणी सापडत नव्हतं, म्हणून तो स्क्रूंवर, तारांवर, वायरीच्या टोकांवर चिडायचा.

नवल म्हणजे बायको चिडली नाही. एरवी जिन्यात चप्पल वाकडी पडलेली तिला चालत नसे. ती बाहेरच्या खोलीचा असा उकिरडा झालेला मुकाट्याने पाहत होती. नुसती पाहत नव्हती, मदत करत होती. कपाट हलवताना तिने स्वतः दुसऱ्या बाजूने धरलं. मागची भिंत उघडी आहे, तिथे जाड कापड हवं, असं तो म्हणाला तर तिने दुपारभर शिलाई मशीनवर बसून दुहेरी अस्तराचा पडदा शिवला. संध्याकाळी तो गाणं लावायचा तेव्हा ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. "बस ना," तो म्हणायचा. "नको, तुमची मोजलेली जागा आहे," ती म्हणायची. गाणं संपलं की तो परीक्षेला बसल्यासारखा मागे वळून विचारायचा, "आज?" ती सांगायची, "कालच्यापेक्षा बरं." पडदा लावला त्या दिवशी म्हणाली, "आज अगदी जवळ आली." तो खूश झाला. पण लगेच खुर्चीत बसून त्याने स्वतः ऐकलं आणि पुन्हा तेच. जवळ आली होती हे खरं. जेवढी जवळ आली तेवढी जास्त परकी झाली होती. लांबून ओळखीचा वाटलेला माणूस रस्ता ओलांडून समोर यावा आणि तो भलताच निघावा, तसं.

मग त्याला स्वतःचा राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग जुनं घर. त्या घरात दोनच खोल्या होत्या. रविवारी दुपारी तो दार-खिडक्या बंद करून मशीन मांडायचा. त्याला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, त्याला सुई कळायची. मशीनवर एक काचेची चौकट होती, तिच्यात आवाजाबरोबर सुई नाचायची, आणि उजव्या टोकाला लाल पट्टा होता. वरच्या स्वराला सुई लाल पट्ट्यात गेली की तो हात वर करायचा. "पुन्हा." फीत मागे फिरवायची, त्याच फितीवर पुन्हा. आधीचं पुसलं जायचं. बायको हसून पुन्हा सुरुवात करायची. मग बाहेर कोणाचा तरी हॉर्न वाजायचा. "पुन्हा." मग तिला खोकला यायचा. एका दुपारी असं सात वेळा झालं. आठव्या वेळी ती म्हणाली, "आज घसा बसला. पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी ती म्हणाली, पाहुणे यायचेत. त्याच्या पुढच्या रविवारचं त्याला आठवत नव्हतं. भांडण झालं नाही. ती पुढे कधी घरात गुणगुणली तरी तो खोलीत आला की थांबायची, आणि हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती.

रविवारची ती गाणी बंद पडली त्या सुमारास बायकोची ताई पंधरा दिवस राहायला आली होती. बायकोपेक्षा सहा वर्षांनी मोठी, लांबच्या गावी परिचारिका. लग्न केलं नव्हतं. आजाराच्या तपासण्यांसाठी आली होती, पण तपासण्या दुसऱ्याच कोणाच्या असाव्यात तशी ती घरभर हसत वावरायची. त्याला तिची थोडी भीती वाटायची. तिने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं. "काय मोजपट्टी, आज चहात साखर किती ग्रॅम?" तो कसनुसं हसायचा आणि लवकर कामावर जायचा. त्या पंधरा दिवसांत त्याने ऑफिसात जादा वेळ थांबून साठलेली सगळी कामं संपवली. सहा महिन्यांनी ताई वारली. बायको आठ दिवस जाऊन आली, परत आल्यावर बोर्डावर रुजू झाली. तिने ताईचा विषय काढला नाही आणि त्यानेही, तिला त्रास होईल म्हणून, कधी काढला नाही.

तिसऱ्या महिन्यात ऑफिसात ती गोष्ट घडली. एका किलोचं मुख्य वजन, ज्याच्यावरून बाकीची सगळी तपासली जातात, ते तो पेटीतून काढत होता. डोक्यात चौथा फिल्टर चालू होता. चौथा लावून व्हॉल्व्हचा आवाज थोडा कमी केला तर? आणि त्याने हातमोजा न घालता, सरळ पाचही बोटांनी ते वजन उचललं. धातूचा गारवा तळव्याला लागला तेव्हा त्याला भान आलं. समोर प्रयोगशाळेच्या मॅडम उभ्या होत्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "काटेसाहेब, ठेवा ते. मी पाठवते परत तपासायला." आणि मग दाराशी थांबून, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. हेच तर कोणाला सांगता येत नव्हतं. तो प्रसाधनगृहात जाऊन हात धूत राहिला. साबण लावला, पाणी सोडलं, परत साबण लावला. आणि पाण्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, धुतलंय. त्यांनी आवाज धुतलाय. स्टुडिओवाल्यांनी फितीची खरखर काढली म्हणाले होते. खरखर काढताना बरोबर तिचा श्वास गेला, खोली गेली, तिचं असं जे काही होतं ते गेलं. उरलं त्याला तीन महिने आपण कपडे चढवतोय. त्याला इतकं हलकं वाटलं की तो ओल्या हातानेच बाहेर आला आणि स्टुडिओला फोन लावला.

स्टुडिओतला माणूस गोंधळला. "कच्चं पाहिजे? साहेब, फार खरखर आहे. आणि पुढेमागे फालतू आवाज आहेत, ते आम्ही कापलेत."

"मला काही कापलेलं नको. फीत सुरू झाल्यापासून फीत थांबेपर्यंत जे आलं ते सगळं पाठवा. काहीही धुऊ नका."

शनिवारी दुपारी ते आलं. बायको डोळ्यांचे थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेली होती. त्याने पडदा ओढला, व्हॉल्व्ह तापू दिले, खडूच्या खुणांवर खुर्ची नीट ठेवली आणि बसला. आधी नुसती खरखर, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. ती त्याला किती आवडली! मग खुर्ची सरकल्याचा आवाज. भांड्यावर भांडं. आणि त्या आवाजांमागे एकदम जुन्या घराची ती खोली उभी राहिली, कमी उंचीची, खिडकीशी किंचित घुमणारी. हेच. हेच इतके दिवस नव्हतं. मग गाणं सुरू झालं. वरचा स्वर आला आणि तो थोडा फाटला, लाल पट्ट्यात गेला असणार, पण कोणी "पुन्हा" म्हटलं नाही. हे काही त्याच्या लगेच लक्षात आलं नाही. आवाजात ऊब होती, गळा होता, छाती होती, दोन ओळींमध्ये घाईने घेतलेला श्वास होता. समोर, सतरंजीपासून हातभर वर, एक जिवंत बाई गात होती. आणि ती त्याची बायको नव्हती.

गाणं संपलं. जिथे इतके दिवस गाणं कापलेलं होतं त्याच्या पुढे फीत चालूच राहिली. गाणारी बाई खळखळून हसली आणि म्हणाली, "जमलं की नाही गं?" आणि मग दुसरा आवाज, मायक्रोफोनपासून लांब, बारीक, घाईचा: "छान झालं. पण ताई, आता पुरे. हे येतील एवढ्यात."

"येऊ दे की. मोजपट्टी लावतील आणि काय."

दोघी हसल्या. दुसरीचं हसू मधेच दाबलं गेलं. खट्कन आवाज होऊन फीत थांबली.

तो बसूनच राहिला. व्हॉल्व्हच्या तारा नारिंगी दिसत होत्या. जिन्यात पावलं वाजली, कुलपात किल्ली फिरली. बायको आत आली, तिने पिशवी ठेवली, आणि त्याचा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं? बंद पडलं का?"

"ही ताई आहे," तो म्हणाला.

ती दारातच थांबली. मग चप्पल काढून ठेवत म्हणाली, "हो."

"तुला माहीत होतं."

"अगदी पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा नव्हतं. म्हणून तर विचारलं, कोण गातंय. स्वयंपाकघरात नीट कळलं नाही. दारात उभी राहून ऐकलं तेव्हा कळलं." तिने चपलांची जोडी सरळ केली. "ती राहायला आली होती ना, तेव्हा तुमचं मशीन बघून म्हणाली, मला पण गाऊन बघू दे. मीच बटणं दाबली. मला वाटलं होतं, नंतर तुम्ही त्याच्यावर दुसरं काही घेतलं असेल. पुसलं गेलं असेल."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी तीन महिने..." त्याचा आवाज चढला. "मी खोलीची कशी अवस्था केलीय बघतेस ना? मी तीन महिने वेड्यासारखा तिच्यात तुला शोधतोय!"

"तुम्ही म्हणालात, तूच की." ती शांतपणे बोलत होती. "मला राग आला. बायकोचा आवाज ओळखत नाहीत, म्हटलं. दुपारपर्यंत राग होता. संध्याकाळी तुम्ही परत लावलंत. मग दुसऱ्या दिवशी परत. रोज काहीतरी सारखं करायचात आणि रोज ती थोडी थोडी जवळ यायची. सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

त्याने वाकून सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"मी तिला शेवटचं भेटले तेव्हा तिचा आवाज गेला होता," ती म्हणाली. "खुणेने बोलायची. माझ्याजवळ तिच्या त्या खुणाच राहिल्या होत्या. या तीन महिन्यांत तुम्ही मला ती परत... पडदा लावला त्या दिवशी मला वाटलं, हात पुढे केला तर लागेल."

"आणि तुझं?" त्याने विचारलं. "तुझं काही नाही? एकही?"

"माझं कुठून असणार? चांगलं आलं नाही की तुम्ही पुसायचात, उरलं ते बुरशीने खाल्लं." ती टोमणा मारत नव्हती. कपाटात काय आहे आणि काय संपलं ते सांगावं तसं सांगत होती. त्याला वाटलं, हिने आता निदान ओरडावं. स्टुडिओवाल्याने, डॉक्टरने, मॅडमने, कोणीतरी आपल्यावर एकदा खच्चून ओरडावं. तीन महिने त्याने यंत्रात खोट शोधली होती, आणि यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. त्याने बायकोचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, हिरव्या साडीतला, मनगट धरलेला. ती दिसली, तिचे ओठ हलले, आणि त्यातून ताईचा आवाज आला. त्याने डोळे घट्ट मिटून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ताईच. रोज संध्याकाळी, हातमोजे घातल्यासारख्या काळजीने, त्याने त्याच जागेवर तेच गाणं उतरवलं होतं. खालचं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"एकदा म्हणशील?" तो म्हणाला. "एखादी ओळ. आता."

ती हसली. "आता कुठला गळा. बोर्डावर बोलून बोलून त्याचं पोतं झालं." मग तिची नजर स्पीकरांकडे गेली. "हे नवीन आलंय का? काय आहे त्यात?"

"सगळं. सुरुवातीपासून. तू पण आहेस शेवटी."

"मी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "काय म्हणतेय?"

त्याला ते सांगवेना. तो खुर्चीतून उठला. "इथे बस. इथून नीट ऐकू येतं."

ती या वेळी नको म्हणाली नाही. खुर्चीत बसली, पदर सारखा केला, पाय उचलून सतरंजीवर नीट ठेवले, दवाखान्यात तपासायला बसतात तशी. त्याने गाणं लावलं आणि खोलीत थांबवेना म्हणून तिची पिशवी उचलून आत गेला. डोळ्यांचे थेंब फ्रीजच्या दारात ठेवले. पिशवीत कोथिंबीर होती, ती निवडायला घेतली, मग तशीच ओट्यावर ठेवली. इथे, भिंतीआड, खरखर ऐकू येत नव्हती. नुसती बाहेरच्या खोलीत एक बाई गात होती आणि दुसरी ऐकत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने ते गाणं काहीही न तपासता ऐकलं. चांगलं गाणं होतं. ताईचा गळा खरोखर चांगला होता. त्याला वाटलं, जाऊन बायकोजवळ बसावं. सतरंजीवर बसावं, खुर्चीच्या पायाशी. बोलू नये. तो हात पुसून निघाला. बोळातून जाताना गाणं संपलं, हसणं झालं, आणि त्याने बाहेरच्या खोलीच्या दारावरचा पडदा सारायला हात वर केला तेव्हा आतून, अगदी पलीकडूनच, बायकोचा एकोणतीस वर्षांपूर्वीचा आवाज म्हणाला, "ताई, आता पुरे. हे येतील एवढ्यात."

त्यात कुठेही शिवण नव्हती. तो इतका खरा होता की त्याचा हात तसाच पडद्यावर राहिला, आणि तो आत गेला नाही.